साउंड ब्लास्टर १६ आणि त्या पिढीतली कार्डे: आयआरक्यू, डीएमए आणि पोर्टचे तंटे कसे सोडवावेत

हा लेख आयसा स्लॉट (जुन्या पीसीत जादा कार्डे बसवण्याची खाच) असलेल्या मशिनसाठी आहे: ४८६ पासून पेंटियम थ्रीपर्यंतचे मदरबोर्ड, डॉस ६.२२ किंवा विंडोज ९८, आणि क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड किंवा त्याच घराण्यातले कार्ड. आवाज येत नाही, गेम अडकतो, नेटवर्क मधेच तुटते, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: दोन कार्डांनी एकाच जागेवर हक्क सांगितलेला असतो. अशा वेळी बरेच जण साउंड कार्डाचेच आकडे बदलत बसतात. त्याच्या उलट करा. साउंड कार्डाला पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि ५ ही ठरलेली जागा द्या (या शब्दांचे अर्थ पुढच्या भागात आहेत) आणि बाकीच्यांना हलवा. नेटवर्क कार्ड, मोडेम, स्कझी कार्ड (डिस्क वगैरे उपकरणे जोडणारे) यांचे ड्रायव्हर सांगाल तो आकडा ऐकतात. १९९० च्या दशकातले कित्येक गेम मात्र २२० सोडून दुसरीकडे पाहतच नाहीत, आणि काही तर आयआरक्यू व डीएमए विचारतही नाहीत.

आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरे आणि अंक वापरायचे. पोर्टचे सगळे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत (० ते ९, मग ए ते एफ), आहेत.

कार्ड मशिनकडून काय मागते

मुख्य पोर्ट २२० ते २२एफ: प्रोसेसर कार्डाशी इथून बोलतो. डीएमए: आवाजाचा डेटा प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून थेट कार्डाकडे जातो तो मार्ग. ८ बिट आवाजासाठी खालचा, म्हणजे १. १६ बिटसाठी वरचा, म्हणजे ५. आयआरक्यू: बफरमधला ठरलेला भाग वाजवून झाला की पुढचा भरा, हे कार्ड ज्या तारेवरून कळवते ती. याशिवाय एमपीयू-४०१ म्हणजे मिडीसाठी (वाद्यांना सूर कळवणारे संदेश) ३३० आणि ३३१, जॉयस्टिकसाठी २०० ते २०७, आणि एफएम संगीतासाठी (कार्डावरची चिप स्वतः तयार करते ते) ३८८ ते ३८बी.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एफएम संगीताला फक्त पोर्ट लागतो. आयआरक्यूही नको आणि डीएमएही नको. म्हणून गेममध्ये संगीत छान वाजते पण बोलणे किंवा गोळीबार ऐकू येत नाही, असे झाले तर कार्ड मेलेले नाही. आयआरक्यू किंवा डीएमए चुकला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आयसावर आयआरक्यू वाटून घेता येत नाही. आयसा कार्ड तारेवर सिग्नल वर नेऊन इशारा देते, आणि मदरबोर्डावरचा आयआरक्यू नियंत्रक (८२५९) फक्त तो चढ टिपतो. दोन कार्डे एकाच तारेवर असली की एकाने ती धरून ठेवलेली असताना दुसऱ्याचा इशारा बुडतो. पीसीआय या नंतरच्या स्लॉटवर मात्र सिग्नलची पातळी पाहिली जाते, त्यामुळे तिथे वाटणी चालते. पीसीआय आणि आयसा एकाच आयआरक्यूवर आले तर ती वाटणी नव्हे, तो तंटाच.

आधी कागदावर तक्ता

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कोण कुठे बसले आहे ते लिहून काढा. आयआरक्यू असे: ० टायमर, १ कीबोर्ड, २ दुसऱ्या नियंत्रकाची जोडणी, ३ कॉम२ (दुसरा सिरियल पोर्ट), ४ कॉम१, ५ एलपीटी२ (दुसरा प्रिंटर पोर्ट) साठी राखीव पण सहसा मोकळा, ६ फ्लॉपी, ७ एलपीटी१, ८ घड्याळ, ९ ते ११ बहुधा मोकळे, १२ पीएस/२ माउस, १३ गणिती प्रोसेसर, १४ आणि १५ आयडीईच्या (हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह जोडणाऱ्या) दोन वाहिन्या. डीएमएमध्ये २ फ्लॉपीचा आणि ४ जोडणीचा. ०, १, ३, ५, ६, ७ वापरायला मिळतात. पॅरलल म्हणजे प्रिंटरचा पोर्ट ईसीपी या वेगवान मोडमध्ये असेल तर तो बहुधा ३ धरून बसतो.

यात तुमच्या मशिनमधली कार्डे भरा. डॉस ६ सोबत येणारा एमएसडी हा प्रोग्राम आयआरक्यूची यादी दाखवतो, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ज्या कार्डाचा ड्रायव्हर चढलेला नाही ते त्याला बऱ्याचदा दिसत नाही. त्यापेक्षा खात्रीचे म्हणजे कार्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या), नेटवर्क कार्डासोबतचा सेटअप प्रोग्राम, आणि मशिन सुरू होताना शेवटी येणारा बायोसचा (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचा) तक्ता. तो झरकन निघून जातो. पॉझ दाबून थांबवा.

आयआरक्यू ७ का नको, हे इथेच सांगतो. जुन्या साउंड ब्लास्टरचा तोच मूळ आकडा होता, आणि डॉसमध्ये छपाई सहसा आयआरक्यू न वापरताच होते, त्यामुळे ७ वर बरेचदा काम भागते. पण इशारा देऊन कार्डाने तो लगेच मागे घेतला, किंवा तारेवर गोंगाट झाला, की ८२५९ नियंत्रक ते ७ च्या नावावर टाकतो. असे भटके इशारे आले की आवाजात खरखर येते किंवा गेम अडखळतो, आणि कारण सापडता सापडत नाही. ५ मोकळा असेल तर ५ च घ्या.

कार्ड बसवताना

वरच्या कडेला किंवा मागे सीटीने सुरू होणारा मॉडेल क्रमांक छापलेला असतो. सीटी१७४० आणि सीटी२२३० ही प्लग अँड प्ले (जागा आपोआप वाटून घेण्याची सोय) नसलेली कार्डे: पत्ता जंपरवर, आयआरक्यू आणि डीएमए सॉफ्टवेअरने. सीटी२९४० हे प्लग अँड प्ले, त्याचे सगळेच सॉफ्टवेअरने ठरते. साउंड ब्लास्टर प्रोसारख्या आणखी जुन्या कार्डांत आयआरक्यू आणि डीएमएसुद्धा जंपरवरच. हा फरक ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढची सगळी कृती यावर अवलंबून आहे.

मशिन बंद करून वायर भिंतीतून काढा. एटीएक्स पुरवठ्यात नुसते बटण बंद केले तरी बोर्डावर ५ व्होल्ट राहतात. स्लॉट पूर्ण लांबीचा १६ बिटचा हवा. मागचा छोटा भाग नसलेल्या ८ बिट स्लॉटमध्ये आयआरक्यू १० आणि डीएमए ५, ६, ७ पोचतच नाहीत. कार्डाची सोनेरी बोटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर घासू नका, सोन्याचा थर पातळ असतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या मशिनमध्ये स्लॉटच्या आतल्या पट्ट्याही काळवंडतात. काँटॅक्ट क्लीनर फवारून कार्ड चार-पाच वेळा आत-बाहेर केले तर निम्मे "आवाज कधी येतो कधी नाही" तिथेच संपतात.

नवा एटीएक्स पुरवठा वापरत असाल तर आणखी एक तपासणी करा. आयसाच्या बी५ पिनवर उणे ५ व्होल्ट असतात, आणि २००० नंतरच्या दशकातल्या बहुतेक पुरवठ्यांत ते दिलेलेच नाहीत. बी बाजू म्हणजे कार्डाची सोल्डरची, चिप नसलेली बाजू. धातूच्या पट्टीकडून पाचवे बोट पाहा. तिथून तांब्याची रेघ निघून कार्डात जात असेल तर त्या कार्डाला उणे ५ लागण्याची शक्यता आहे. बोट मोकळे असेल तर चिंता नाही.

कार्डावर सीडी ड्राइव्हसाठी आयडीई जोडणी असेल आणि ती वापरायची नसेल, तर जंपरने बंद करा. नाहीतर ती बोर्डावरच्या दुसऱ्या वाहिनीशी १७० आणि आयआरक्यू १५ वर भिडते, किंवा १ई८ वर बसून आयआरक्यू ११ अडवते. जॉयस्टिक पोर्टचेही तेच. मल्टी आय/ओ कार्डावर एक आणि साउंड कार्डावर एक, असे दोन असले तर एक बंद करावाच लागतो.

बायोसमधली तयारी

डॉससाठी "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड" हे "नो" ठेवा, म्हणजे प्लग अँड प्ले कार्डांना जागा देण्याचे काम बायोस स्वतः करतो. कार्ड प्लग अँड प्ले नसेल तर आयआरक्यू ५, डीएमए १ आणि डीएमए ५ यांच्यापुढे "लेगसी आयसा" निवडा. हे केले नाही तर बायोसला ५ मोकळा दिसतो आणि तो एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो. पेंटियमच्या मशिनमध्ये सर्वात जास्त भेटणारा तंटा हाच. मग "रिसेट कॉन्फिगरेशन डेटा" एकदा "येस" करा. जुने वाटप पुसले जाते आणि पुढच्या सुरुवातीला नवे होते. ईसीपी पोर्टची गरज नसेल तर पॅरलल पोर्ट ईपीपी किंवा साध्या मोडवर आणा, डीएमए ३ सुटेल.

डॉसमधली ओळ

ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ही ओळ हवी:

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे आयआरक्यू, डी खालचा डीएमए, एच वरचा, पी मिडीचा पोर्ट, आणि टी कार्डाचा प्रकार: साउंड ब्लास्टर १६ आणि त्याच घराण्यातली एडब्ल्यूई कार्डे यांना ६, दुसऱ्या आवृत्तीच्या प्रोला ४, साउंड ब्लास्टर २.० ला ३. एडब्ल्यूई३२ असेल तर ई६२० सुद्धा जोडा. बरोबरच्या चिन्हाच्या आधी-नंतर मोकळी जागा सोडू नका. डॉस ती नावाचाच भाग समजतो आणि गेमला ब्लास्टर सापडत नाही.

या ओळीचे वजन कार्डाप्रमाणे बदलते. प्रोमध्ये ती फक्त माहिती देते, निर्णय जंपरचा. सीटी२२३० सारख्या कार्डात तिच्यानंतर सी:\एसबी१६\डायग्नोज /एस ही आज्ञा आली की त्या आकड्यांप्रमाणे आयआरक्यू आणि डीएमए कार्डात लिहिले जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सेट, मग डायग्नोज, मग आवाजाची पातळी लावणारा एसबी१६सेट. प्लग अँड प्ले कार्डासाठी क्रिएटिव्हचा सीटीसीएम चालवावा लागतो आणि आकडे सीटीसीयूने बदलायचे. हे जड वाटत असेल तर युनिसाउंड ही अलीकडची छोटी उपयुक्तता वापरा. ती ब्लास्टर ओळ वाचून कार्ड त्याच आकड्यांवर बसवते आणि मेमरीत राहत नाही. प्लग अँड प्ले कार्ड आणि शुद्ध डॉस या जोडीला मी तीच सुचवेन.

व्हायब्रा १६ एक्सव्ही या क्रिएटिव्हच्याच कार्डाला १६ बिटचा डीएमए नसतो, त्यामुळे तिथे एच५ लिहून उपयोग नाही. खऱ्या साउंड ब्लास्टर १६ ला १६ बिट आवाजही खालच्या डीएमएवरून नेता येतो. काही जुन्या ३८६ आणि ४८६ बोर्डांत वरचा डीएमए नीट चालत नाही. डायग्नोजमध्ये वरचाही १ निवडा आणि ओळीत एच१ लिहा. वेग थोडा कमी होतो, पण आवाज येतो.

कार्डालाच विचारा

गेम लावून अंदाज बांधण्यापेक्षा कार्डाला थेट विचारणे बरे. विंडोजच्या खिडकीत नव्हे, शुद्ध डॉसमध्ये डॉससोबत येणारा डीबग हा प्रोग्राम सुरू करा. आडवी रेघ आली की एकेक ओळ द्या:

ओ २२६ १
ओ २२६ ०
आय २२ए

उत्तर एए आले तर २२० वर साउंड ब्लास्टर जिवंत आहे. एफएफ आले तर त्या पत्त्यावर कोणी नाही: जंपर २४० वर असेल, किंवा प्लग अँड प्ले कार्ड अजून जागे झालेले नसेल. पुढे:

ओ २२सी ई१
आय २२ए
आय २२ए

दोन आकडे मिळतात. पहिला ०४ म्हणजे साउंड ब्लास्टर १६ चे घराणे, ०३ म्हणजे प्रो. दुसरा उपआवृत्ती: ०५ म्हणजे ४.०५, ०डी म्हणजे ४.१३. आता कार्ड स्वतःला कुठल्या आयआरक्यूवर समजते ते पाहा:

ओ २२४ ८०
आय २२५

उत्तरातला फक्त शेवटचा अंक वाचा: १ म्हणजे आयआरक्यू २, २ म्हणजे ५, ४ म्हणजे ७, ८ म्हणजे १०. पहिल्या ओळीत ८० ऐवजी ८१ दिले तर डीएमए कळतो. १ आणि ५ साठी उत्तर २२ येते. क्यू देऊन बाहेर या. ही नोंदवही (कार्डातले रजिस्टर) साउंड ब्लास्टर १६ पासूनच आहे, प्रोवर तिचा उपयोग नाही. इथले उत्तर आणि ब्लास्टर ओळ जुळत नसेल तर दोष सापडला. जुळते आणि तरी आवाज नसेल, तर त्या आयआरक्यूवर किंवा डीएमएवर दुसरे कोणीतरी आहे.

लक्षणावरून निदान

आवाजाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो: डीएमए बरोबर, आयआरक्यू चुकीचा. बफर संपल्याचे गेमला कळतच नाही, म्हणून डीएमए तोच बफर फिरवत राहतो. ज्या गेममध्ये बफर आपोआप फिरत नाही तिथे एकदाच "टप्" होऊन शांतता पसरते, कारण तेच.

सेटअपमधल्या चाचणीत मशिन गोठते किंवा नुसतीच खरखर येते: डीएमए पाहा. ८ बिट आवाज येतो, १६ बिट नाही: वरचा डीएमए. एफएम वाजते, जनरल मिडी मुके: ३३० वर कोणीतरी आहे. सीडीवरचे संगीत तेवढे येत नाही: तो तंटाच नव्हे, ड्राइव्हपासून कार्डापर्यंतची चार तारांची ऑडिओ केबल लावायची राहिली आहे. फ्लॉपी वापरताना आवाज फाटतो, किंवा आवाज चालू असताना नेटवर्क तुटते: ज्या दोन गोष्टी एकत्र बिघडतात त्यांचे आकडे तक्त्यात शेजारी ठेवून पाहा.

आणि हेडफोनमध्ये सतत सूं असा आवाज? ते कार्डावरच्या अॅम्प्लिफायरचे. जंपरने लाइन आउट निवडा आणि स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर जोडा.

नेहमीचे भांडखोर

अॅडाप्टेक १५४२ स्कझी कार्ड सर्वात अवघड, कारण ते एका वेळी दोन जागांवर भिडते. त्याचा मूळ पत्ता ३३० आणि मूळ डीएमए ५: एमपीयू आणि वरचा डीएमए, दोन्हीवर टक्कर. कार्ड ३३४ वर आणि डीएमए ६ वर न्या. २३० हा पत्ताही त्याला चालतो, पण काही साउंड ब्लास्टरवरची सीडी जोडणी तिथेच असते, म्हणून तो टाळलेला बरा.

एनई२००० सुसंगत नेटवर्क कार्ड ३२ पोर्ट व्यापते, आणि हेच लोक विसरतात. ३०० वर ठेवले तर ३०० ते ३१एफ, ठीक, फक्त एमपीयू ३०० वर नको. ३२० वर ठेवले तर ते ३३एफ पर्यंत जाते आणि ३३० गिळते. ३६० वर ठेवले तर ३७८ चा प्रिंटर पोर्ट जातो. ३०० किंवा ३४० हेच दोन सुरक्षित, आयआरक्यू १० घ्या. रियलटेक ८०१९ चिपच्या कार्डांत हे आरसेट८०१९ या प्रोग्रामने डॉसमधून बदलता येते.

आतले मोडेम बऱ्याचदा कोणीतरी "मोकळा आहे" म्हणून ५ वर ठेवून दिलेले असते. त्याला १० किंवा ११ वर न्या, किंवा बोर्डावरचा कॉम२ वापरत नसाल तर तो बायोसमध्ये बंद करून मोडेमला सरळ कॉम२ ची जागा द्या.

एकाहून जास्त तंटे असल्याची शंका आली तर सगळी जास्तीची कार्डे काढा. फक्त डिस्प्ले कार्ड आणि साउंड कार्ड ठेवून आवाज आणा, मग एका वेळी एकच कार्ड परत लावा आणि दर वेळी डीबगची पहिली चाचणी करा. वेळ जातो, पण दोन तंटे एकमेकांत गुंतलेले असताना दुसरा मार्ग नाही.

विंडोज ९८

कंट्रोल पॅनेल, सिस्टिम, डिव्हाइस मॅनेजर. सर्वात वरच्या "कॉम्प्युटर" वर दोनदा क्लिक केले की आयआरक्यू, पोर्ट, डीएमए आणि मेमरीचे पूर्ण वाटप दिसते. तुमच्या कागदी तक्त्याशी ताडून पाहा. साउंड कार्डाच्या "रिसोर्सेस" मध्ये "यूज ऑटोमॅटिक सेटिंग्ज" ची खूण काढा, "सेटिंग बेस्ड ऑन" मधून दुसरी मूळ रचना निवडा आणि वर ठरवलेले आकडे द्या. खालच्या चौकटीत "नो कॉन्फ्लिक्ट्स" येईपर्यंत ओके करू नका. पिवळे चिन्ह आणि कोड १२ म्हणजे कार्डाला मोकळी जागा मिळाली नाही. मग ज्याने जागा अडवली त्याला हलवा, साउंड कार्डाला नाही.

सगळे बरोबर दिसूनही कोड जात नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजर उघडा. आधी काढून टाकलेली कार्डे तिथे अजून नोंदवलेली सापडतात, कधी एकाच साउंड कार्डाच्या दोन-तीन नोंदी. सगळ्या काढा, मशिन पुन्हा सुरू करा आणि कार्ड नव्याने ओळखू द्या.

"रिस्टार्ट इन एमएस-डॉस मोड" ने गेम चालवणार असाल तर सेट, डायग्नोज किंवा युनिसाउंडच्या ओळी सी:\विंडोज\डॉसस्टार्ट.बॅटमध्येही टाका. आकडे विंडोजमधले आणि डॉसमधले अगदी सारखे ठेवा.

काय दुरुस्त होत नाही, आणि पीसीआय कार्डांविषयी

डीबगमध्ये ४.११, ४.१२ किंवा ४.१३ दिसले आणि वेव्हटेबलची उपपट्टी (नोंदवलेल्या वाद्यांचे आवाज देणारी) किंवा बाहेरचे मिडी यंत्र जोडले असेल, तर मधेच एखादा स्वर अडकून वाजत राहतो. तो कार्डाच्या रचनेतला दोष आहे. आयआरक्यू बदलून तो जाणार नाही, त्यामागे संध्याकाळ घालवू नका. मिडीसाठी वेगळे एमपीयू-४०१ कार्ड लावणे हाच त्यावरचा खरा इलाज.

पीसीआय साउंड कार्डाला आयसाच्या डीएमएच्या तारा मिळत नाहीत, म्हणून जुन्या डॉस गेमसाठी ते मुळातच तडजोड आहे. यामाहा वायएमएफ७२४ सारख्या कार्डावर एसबी-लिंकची (डीएमएचे इशारे बोर्डाकडे पोचवणारी) जोडणी असते; मदरबोर्डावरही ती असेल तर दोन्ही केबलने जोडा, सुसंगतता बरीच सुधारते. ती नसेल तर ड्रायव्हर साउंड ब्लास्टरची जी नक्कल करतो तिच्यावर भिस्त, आणि क्रिएटिव्हच्या पीसीआय कार्डांच्या नकलेला ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी ड्रायव्हर चढवलेला लागतो. विंडोजमध्ये पीसीआय कार्ड करकरत असेल तर आधी ते एजीपीला (डिस्प्ले कार्डाच्या स्लॉटला) लागून असलेल्या स्लॉटमधून काढून खालच्या स्लॉटमध्ये लावा. तो पहिला स्लॉट बऱ्याच बोर्डांत डिस्प्ले कार्डाचीच आयआरक्यू तार वापरतो.